सुपातले चार दाणे

करीमने जळालेल्या मोटारीतून तांब्याची काळी पडलेली तार ओढून काढली, पक्कड खाली ठेवली आणि मान वर केली, तेव्हा दुकानाच्या दारात एक बाई उभी होती. खांद्याला पर्स, हातात हेल्मेट, केसांवर सिल्लोड रोडची धूळ. छावणीतल्या त्याच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात बायका क्वचितच येत, आणि आल्या तर मिक्सर घेऊन येत. हिच्याकडे मिक्सर नव्हता.

“करीमभाई शेख आपणच ना? मी विशाखा. नजमा मॅडमच्या जागी आलेय शाळेत.”

करीमने स्टुलावरची वार्निशची बाटली उचलली, स्टूल फडक्याने पुसलं आणि पुढे सरकवलं. नजमा गेल्यापासून भेटायला येणारे लोक आधी डोकं हलवायचे, मग बोलायचे. ही सरळ बोलली, त्याचं त्याला बरं वाटलं.

“काका, जरा काम होतं. मॅडमच्या मोबाइलमध्ये जात्यावरच्या ओव्या होत्या. रेकॉर्ड केलेल्या. त्या हव्या होत्या.”

“गाणी?”

“गावातल्या एका आजीच्या. मॅडम कविता शिकवायच्या आधी त्या लावायच्या. आठवीची पोरं मला पुस्तक उघडू देत नाहीत हो. म्हणतात, आधी आजीचं गाणं लावा, पुस्तक नंतर. मी नेटवरचा एक व्हिडिओ लावला मोठ्या टीव्हीवर. चांगला होता. एक बाई पैठणी नेसून जात्यावर बसलीय, मागे बासरी वाजतेय. सगळा वर्ग हसायला लागला. एक पोरगी म्हणते, मॅडम, हिच्या जात्यातून पीठच पडंना.”

करीमच्या ओठापर्यंत हसू आलं आणि तिथेच राहिलं.

“मोबाइल दिला,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“शेजारच्या तहरीमला. कॉलेजात जाते, तिच्याकडे नव्हता. चाळिसाव्याला द्यायची रीत असते आमच्यात. कपडे दिले, चपला दिल्या, मोबाइल दिला.”

“मग तिच्याकडे असतील की!”

“देण्याआधी सगळं पुसून घेतलं. बाईमाणसाचे फोटो असतात, बोलणं असतं. ते दुसऱ्याच्या हाती कशाला...”

वाक्य पुरं झालं नाही. नजमाच्या सामानाचं काय करायचं, हे ठरवताना त्या दिवसांत त्याचं डोकं चालत नव्हतं. तरी ही एक गोष्ट आपण नीट केली असं तो धरून चालला होता. तिची इज्जत राखली. परक्या डोळ्यांना काही दिसू दिलं नाही.

“शाळेच्या ग्रुपवर टाकल्या असतील,” तो म्हणाला.

“मी बघितलं. एकही नाही. त्या आजीला मॅडमनी शब्द दिला होता म्हणे, आवाज गावभर फिरवणार नाही म्हणून. वर्गात लावायच्या आणि बंद करायच्या.”

तिने पाणी घेतलं. जाताना हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता ती सहज म्हणाली, “मॅडमचाही आवाज होता त्यात. पहिली ओळ आजीची, दुसरी मॅडमची. पोरं सांगतात, लई गोड म्हणायच्या.”

गाडी निघून गेली. करीमने पक्कड उचलली, पुन्हा ठेवली. इतक्या वर्षांत नजमा गाणं म्हणते हे त्याला माहीत नव्हतं.

दुपारी तो तहरीमकडून मोबाइल मागून घेऊन अफजलच्या मोबाइलच्या दुकानात गेला. पुसून देण्याचं काम अफजलनेच केलं होतं.

“चच्चा, तुम्हीच बोले थे नं,” अफजल म्हणाला. “एक चीज भी नको रहना बोले. मैं दो बार उडाया.”

“वापस नहीं आता?”

“गूगल में रहता तो आता. चच्ची का उधर जगा फुल था, कबसे. उनो देखेच नहीं.”

तरी त्याने मोबाइलला वायर लावली, कॉम्प्युटरवर काहीतरी सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. भरली. खाली रिकामा चौकोन आला. अफजलने तो चौकोन पुन्हा उघडून बघितला, मग खुर्ची मागे सरकवली.

“मेरे को क्या मालूम था, चच्चा.”

“तेरा क्या कसूर,” करीम म्हणाला.

घरी येऊन त्याने स्वतःचा मोबाइल धुंडाळला. कुठेतरी तिचा आवाज असेल. नव्हता. दुकानात मोटारींचा आवाज असायचा, फोनवर काही ऐकू यायचं नाही, म्हणून ती कायम लिहूनच पाठवायची. भात झाकून ठेवलाय. उजमाचा फोन आला होता. येताना कोथिंबीर. सगळं तसंच्या तसं होतं, खालून वरपर्यंत, आणि त्यात आवाज नव्हता.

नांदेडहून लेकीचा फोन आला. उजमा रोज याच वेळी करायची.

“अब्बा, खाए क्या?”

“खाया.”

“क्या खाए?”

“रोटी-सालन,” तो म्हणाला. समोर बशीत चहात बुडवलेली खारी होती. “उजमा, अम्मी गाती थी क्या गं?”

“पकाते पकाते कुछ गुनगुनाती थी. नानी का चक्की का गाना होगा. क्यों?”

“कुछ नहीं. ऐसेच.”

नजमा सिल्लोडची. तिची अम्मा चक्कीवर दळताना दखनीत गाणी म्हणायची, हे तिने लग्नानंतर एकदा सांगितलं होतं. नजमाला मराठीची मास्तरीण व्हायचं होतं, तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, अपनी जबान छोडके मराठी कायको? ती म्हणाली होती, चक्कीवरचं गाणं आणि जात्यावरची ओवी एकाच चालीने चालतात, मग माझी कुठली आणि परकी कुठली? करीमने तेव्हा ते ऐकून घेतलं होतं. पुढे काही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी नमाजनंतर त्याने दुकान बंदच ठेवलं आणि मोटारसायकल काढली. विशाखाने फोनवर पत्ता सांगितला होता: शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, वच्छलाबाईचं घर कुणीही दाखवेल. सिल्लोड रोडच्या दोन्ही अंगाला कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. नजमा रोज या रस्त्याने एसटीने येऊन-जाऊन करायची. करीम तिच्या शाळेत एकदाही आला नव्हता.

वच्छलाबाई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. वाळलेली, कानात मोठ्या कुड्या, नजर अजून पक्की. नातसून सोनिया भांडी घासत होती. करीमने नाव सांगितलं तशी म्हातारीने सूप बाजूला ठेवलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

“जावई आलेत गं सोनिया. घोंगडी टाक.”

करीम घोंगडीच्या काठावर बसला. जावई म्हणून त्याला कुणी बोलावल्याला बरीच वर्षं झाली होती.

“माझी मास्तरीण लई तरास भोगली का?” म्हातारीने विचारलं.

“नाही. सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, दिल का... हार्टचं होतं.”

“झोपंत गेली. पुण्यवान.” ती जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आन् तुमी?”

तो कामाचंच बोलला. मोबाइलचं सांगितलं, पुसून घेतल्याचं सांगितलं. म्हातारी रागावेल असं त्याला वाटलं होतं.

“पुसलंत ते बरंच केलं की,” ती म्हणाली. “बाईचं बाईपाशी राहिलं. आमचं म्हातारं गेलं तवा त्याच्या पिशवीत काय हाय ते म्या बघितलंबी नाय. तशीच चितंवर ठिवली.”

“पण पोरांना पाहिजेत ना आता ती गाणी. तुम्ही पुन्हा म्हणाल का? मी मोबाइल आणलाय.”

म्हातारीने पदर आणखी पुढे घेतला. सोनिया तोंडाला हात लावून हसली.

“जावयाफुडं गाणं म्हणतेत व्हय कुणी? तुमी भाईर बसा. डबडं आत ठिवा. आन् दाणं कुठं हायत?”

“दाणे?”

“रिकामं जातं फिरवीत नसतेत. इपरीत असतं ते. ती दाणं घिऊन यायची. पिशवीत ज्वारी आणायची, दळायची, पीठ घरी न्यायची.”

करीम म्हातारीकडे बघत राहिला. किती वर्षं तो त्या पिठाच्या भाकरी खात आला होता. किती वेळा ताटावर बसून म्हणाला होता, “गिरणीवाल्याला सांग, दगडाचे कण येतात पिठात. दाताखाली कचकच होते.” आणि ती म्हणायची, “सांगते.” प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायची, आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची.

“घरात हायत की दाणे, आजी,” सोनिया म्हणाली.

“त्यांचं त्यांनी आणावं. तिची रीत हुती ती.”

करीम उठला, चावडीजवळच्या दुकानातून ज्वारी घेऊन आला. तोवर सोनियाने गोठ्याच्या कोपऱ्यातलं जातं झाडून ठेवलं होतं. लग्नाच्या हळदीला तेवढं निघायचं, एरवी नजमा आली की. त्याचे दोन्ही दगड करीमने एकेक करून आत नेले. ते इतके जड असतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने मोबाइल पालथ्या टोपल्यावर ठेवला, लाल बटण दाबलं, आकडे सरकायला लागल्याचं बघितलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला. शेजारी शेळी बांधलेली होती. तिने त्याच्या पायजम्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

आत खुंटा ठोकल्याचा आवाज आला.

“तू धर पल्याडून,” म्हातारी म्हणाली.

“धरते. पण मला म्हणता नाय येत, आजी. मला फकस्त रील येतात.”

“रील म्हण मंग.”

दोघी हसल्या. मग घरघर सुरू झाली. आधी अडखळत, मग एका लयीत. आणि म्हातारीचा आवाज उठला. बोलताना तो फुटका होता. गाण्यात तो बारीक आणि सरळ झाला, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखा.

चांदणी कलली, उठ गं बाई, दळू आता...

करीम कान देऊन बसला. पुढची ओळ आली नाही. जातं फिरत राहिलं. घरघर, घरघर. तेवढ्या वेळात एक ओळ सहज मावली असती. मग म्हातारीने पुढची ओवी सुरू केली.

काळ्या रानामंदी, कणसाला भरला दाणा...

पुन्हा नुसतं जातं. तिसऱ्या ओवीलाही तसंच झालं, तेव्हा करीम उठून दाराशी गेला आणि आत न बघता म्हणाला, “आजी, पुढची ओळ राहतेय.”

“ती मास्तरणीची,” आतून उत्तर आलं. “म्या टाकायची, तिनं झेलायची.”

“पण ओव्या तर तुमच्याच आहेत ना?”

“माज्याच हायत. माज्या आईच्या हायत. पर सवय मोडली. म्या वळ सोडली की ती उचलायची. आता सोडली की फुडं खड्डाच हाय.” जातं थांबलं होतं. म्हातारीने एकदा प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द आला, आणि तिथे आवाज अडला. तिने घसा खाकरला. “नाय येत. जेवढं हाय तेवढं न्या, बाबा.”

“राहू द्या,” करीम म्हणाला आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसला.

मग एकामागून एक पहिल्या ओळी आल्या. आईच्या, भावाच्या, माहेरच्या वाटेच्या. प्रत्येकीच्या मागे ती मोकळी जागा. करीम ती जागाच ऐकत होता. ऊन भिंतीवरून उतरून त्याच्या पायाशी आलं होतं. शेवटी म्हातारीने म्हटलं,

दळण सरलं, सुपात उरलं चार दाणं...

आणि जातं थांबलं. पाठोपाठ ती एकटीच हसायला लागली. हसणं आवरेना, खोकला आला.

“काय झालं?” करीमने बाहेरूनच विचारलं.

“ही शेवटली ओवी माजी एकलीची नाय. वरची वळ म्या जोडली, खालची मास्तरणीनं. जागच्या जागी जोडली बघा. शेवटल्या खेपंला. तुमच्यावरच हुती.”

“माझ्यावर?”

“तुमच्यावर. नवऱ्याचं काय तरी हुतं. आमी दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की जातं धरून बसलो.”

करीम दाराशी आला. या वेळी त्याने आत बघितलं. म्हातारीच्या हातांना पीठ लागलं होतं, डोळ्यांत हसण्याचं पाणी होतं.

“काय होती ती ओळ?”

म्हातारीचं हसणं हळूहळू खाली बसलं. तिने कपाळाला मनगट लावलं. “थांबा हं. सुपात उरलं चार दाणं... सुपात उरलं...” ओठ हलले. मग तिने समोर बघितलं. “सोनिया, तू हुतीस की तवा.”

“मी चहा ठेवायला गेले होते, आजी. तुम्ही दोघी हसलात म्हणून मीबी तिकडं हसले.”

“मोबाइलमदी धरली हुती तिनं,” म्हातारी म्हणाली.

“पोरांना लावली असेल का तिने वर्गात?”

“कुठली? त्याच्या मागं ती आलीच नाय.”

सोनियाने पीठ फडक्यात बांधून दिलं. करीम निघाला तसं म्हातारीने पदर सावरत सांगितलं, “कुणाला धाडू नका बरं का माजा आवाज. पोरांपुरता हाय तो.”

“नाही धाडत.”

पीठ अजून कोमट होतं. मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेली ती पिशवी सबंध रस्ताभर त्याच्या गुडघ्याला लागत होती.

विशाखाने फोनवर साहजिकच सांगितलं, “काका, व्हॉट्सॲप करा ना, मी लावते.”

“शब्द दिलाय. मी घेऊन येतो.”

“मग मंगळवारी या. मधल्या सुट्टीनंतर मराठीचाच तास आहे.”

“मॅडम, अर्धीच गाणी आहेत. प्रत्येकीची एकच ओळ.”

“असू द्या. पोरांना जातं तर ऐकू येईल.”

मंगळवारी करीमने धुतलेला सदरा घातला. वर्गात मोठा टीव्ही भिंतीवर होता आणि त्याच्यासमोर पोरं सतरंजीवर बसली होती. तो आत गेला तशी सगळी उठून उभी राहिली आणि एका सुरात नमस्ते म्हणाली. पुढच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला ऐकू जाईल असं कुजबुजली, “मॅडमचे मिस्टर.”

“श्रेया, गप,” विशाखा म्हणाली.

तिने करीमच्या मोबाइलला वायर जोडली. टीव्हीवर काळा पडदा आला आणि त्यावर एक हिरवी रेघ. जातं सुरू झालं तशी रेघ थरथरायला लागली. म्हातारीचा आवाज आला तशी ती उंच उठली.

चांदणी कलली, उठ गं बाई, दळू आता...

रेघ खाली आली. करीमने मान खाली घातली. आता नुसती घरघर येणार, हे त्याला माहीत होतं.

आणि सगळ्या वर्गाने ओळ उचलली.

जातं हलकं होतं, दोघींचा... हात लागता.

कुणी खूण केली नव्हती. पोरं सतरंजीवर मांडी घालून, टीव्हीकडे बघत, रोजचं काम केल्यासारखी म्हणत होती. विशाखा खडू हातात धरून उभीच राहिली. म्हातारीची दुसरी ओवी आली.

काळ्या रानामंदी, कणसाला भरला दाणा...

भाई माझा उभा, दिसतो गं... देखणा.

“भाऊ माझा,” विशाखा हळूच म्हणाली.

“मॅडम, भाईच हाय,” मागच्या रांगेतून आवाज आला. “मॅडम भाईच म्हणायच्या.”

करीमने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. भाई. नजमाच्या तोंडून हा शब्द त्याने आयुष्यभर ऐकला होता, सिल्लोडच्या तिच्या भावांना हाक मारताना. पण त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. प्रत्येक दुसऱ्या ओळीत, शेवट यायच्या जरा आधी, पोरं थांबत होती. सगळी एकदम. तोंड उघडून श्वास आत घेत होती आणि मग राहिलेला शब्द म्हणत होती. श्वास घेतल्याचा आवाज येत होता.

विशाखा त्याच्याजवळ येऊन वाकली. “बघितलंत का काका, किती बरोबर जागी थांबतात? यती म्हणतात त्याला. ओळीत थांबायची जागा. मी फळ्यावर शिकवणार होते. मॅडमनी कानातूनच शिकवून ठेवलाय.”

करीमने मान हलवली.

तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. दुकानावरच्या घराचा जिना चढताना नजमा मधल्या पायरीवर थांबायची. कठड्याला हात, तोंड जरा उघडं, आणि असाच श्वास. तो खालून विचारायचा, “काय झालं गं?” ती म्हणायची, “काही नाही. दम घेते.” पावसाळाभर ती दम घेत होती. वय झालं, एसटीची दगदग आहे, असं दोघंही म्हणत राहिले. दवाखान्यात जाऊ म्हणाले, सुट्ट्या लागल्यावर जाऊ म्हणाले.

पोरांना ते गाणंच वाटलं होतं. त्यांनी ते गाण्यासारखं जपून ठेवलं होतं.

“बरोबर थांबतात,” करीम म्हणाला.

ओव्या येत राहिल्या आणि पोरं झेलत राहिली. दर ओळीला तो श्वास वर्गात वर येत होता, खाली जात होता. करीम दर वेळी त्याची वाट बघत होता आणि दर वेळी तो आल्यावर नको वाटत होतं. आणि मग शेवटची ओवी आली.

दळण सरलं, सुपात उरलं चार दाणं...

पोरांनी तोंडं उघडली आणि ओळ आली नाही. रेघ खाली सरळ झाली. जातं थांबलं. टीव्हीतून म्हातारीचं हसणं आलं, मग खोकला, मग दूरवरून करीमचा स्वतःचा आवाज, “काय झालं?” पोरं हसली. विशाखाने घाईने बंद केलं.

“मॅडम, ही नव्हती आम्हाला.”

“हो. ही नवीन दिसते,” विशाखा म्हणाली. “काका, हिची दुसरी ओळ?”

“ती सापडली नाही. नजमानेच केली होती.”

विशाखाने फळ्यावर ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली. खाली जागा सोडली. “मग आज पुस्तक नको. दुसरी ओळ आपण बांधू. दळण संपलंय, सुपात चार दाणे उरलेत. काय करायचं त्यांचं?”

“कोंबडीला टाकायचे!”

“पेरायचे, मॅडम.”

“उद्याच्या दळणात घालायचे. आमची आज्जी तसंच करते.”

विशाखा लिहीत गेली, पुसत गेली. कोंबडी आली की वर्ग हसायचा आणि ‘दाणं’ला जुळणारा शब्द शोधताना गलका व्हायचा. गाणं, नाणं, येणं, जाणं. श्रेयाने मध्येच हात वर केला आणि विशाखाला नाही, करीमला विचारलं.

“काका, मॅडमची ओळ कशावर होती?”

“माझ्यावर होती म्हणे.”

वर्गातला गलका खाली आला.

“म्हणजे तुम्हाला नावं ठेवली होती का?”

“श्रेया!”

“असेल,” करीम म्हणाला. “आजी फार हसत होती म्हणे.”

“मग ती आम्ही कशी बांधायची?” श्रेया म्हणाली. “तुम्ही कसे होता ते आम्हाला काय माहीत? तुम्हीच बांधा.”

“मला नाही जमायचं, बेटा. मी मोटारी बांधतो.”

“मॅडम म्हणायच्या, नुसतं बसून येत नाही. हात चालू पाहिजेत. हात चालले की येतं.”

तासाची घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून बाहेर धावली. विशाखाने त्याच्या मोबाइलची वायर काढून मोबाइल दोन्ही हातांनी त्याला परत दिला. फळा पुसताना तिने ती एक ओळ तशीच ठेवली.

त्याला आता महिना होऊन गेला. करीम दर मंगळवारी वर्गात मोबाइल घेऊन जातो, कारण शब्द दिलेला आहे. पोरांच्या ओळी केव्हाच तयार झाल्या, वीसेक तरी असतील. पण विशाखाने एखादी निवडून लिहायला घेतली की श्रेया आणि तिच्या मैत्रिणी म्हणतात, काकांची येऊ द्या आधी.

घरी तो त्या जात्यावरच्या पिठाच्या भाकरी थापतो. कडेला चिरतात, तव्यावर मोडतात. दाताखाली कचकच होते. तो पाण्याचा तांब्या स्वतःच जवळ ओढून घेतो. दुकानात मोटारीवर तार गुंडाळताना, एकेक वेढा बोटांनी दाबून बसवताना, तो पहिली ओळ मनात म्हणतो आणि आपण कसे होतो ते आठवून बघतो. ताटावर बसून बोलणारा, शाळा न बघितलेला, जिन्याखाली उभा राहून विचारणारा. यातल्या कशावर ती इतकी हसली असेल, ते त्याला ठरवता येत नाही.

वर्गाच्या फळ्यावर पहिली ओळ अजून लिहिलेली आहे. तिच्याखाली जागा सोडलेली आहे. दुसरी ओळ अजून झालेली नाही.